कोठ्यातली वस्ती

बेल्जियममधल्या ल्यूव्हेनच्या डॉक्टरांनी १९९१ साली ‘लॅन्सेट’मध्ये पाच रुग्णांची हकिगत छापली. पाचही जण क्रोन्स या आतड्याच्या आजाराचे. लहान आतड्याचा शेवटचा, सुजून अरुंद झालेला तुकडा कापून काढायचा आणि उरलेलं टोक मोठ्या आतड्याला जोडायचं, इथवर नेहमीचंच ऑपरेशन. पण या पाच जणांत सर्जननी आणखी एक गोष्ट केली. जोडाच्या थोडं वर आतडं पोटावर बाहेर काढलं आणि तिथे पिशवी लावली. आतड्यातून वाहत येणारा द्रव आणि त्यातले जिवाणू जोडापर्यंत पोचूच नयेत, एवढाच हेतू. सहा महिन्यांनी दुर्बीण घालून पाहिलं, तर जोडाजवळचं आतडं स्वच्छ. पिशवी न लावलेल्या ७५ रुग्णांपैकी ५३ जणांत तोवर नेमक्या त्याच जागी आजार परत आला होता. मग या पाच जणांची पिशवी काढली, मार्ग पूर्ववत केला. पुढच्या सहा महिन्यांत पाचही जणांना तिथे व्रण झाले.

याच गटाने १९९८ साली आणखी बारकाईने पाहिलं. तीन रुग्णांच्या पिशवीत जमणारा द्रव त्यांच्याच बंद ठेवलेल्या आतड्यात पुन्हा सोडला. आठ दिवसांत सूक्ष्मदर्शकाखाली सूज दिसायला लागली. द्रव ज्याचा त्याचाच होता, बाहेरून कोणताही जंतू आत घातलेला नव्हता.

क्रोन्स आणि अल्सरेटिव्ह कोलायटिस, ज्यांना मिळून डॉक्टर आयबीडी म्हणतात, त्यांच्याविषयी मला जे म्हणायचंय त्याचं बीज या आठ दिवसांत आहे. या आजारात जिवाणू हवेतच, त्यांच्याशिवाय आग पेटत नाही. पण ते आग लावणारे आहेत असंही म्हणता येत नाही, कारण तसलेच जिवाणू शेजारच्या माणसाच्या पोटात सुखाने नांदत असतात. बिघाड आतड्याची भिंत आणि तिच्यावर राहणारे जीव यांच्या संबंधात आहे. हे एकदा नीट कळलं की ‘चांगले जंतू, वाईट जंतू’ या भाषेचा कंटाळा येतो. या पुस्तकाने ती भाषा जवळपास कुठेच वापरलेली नाही, म्हणून मी ही प्रस्तावना आनंदाने लिहितो आहे.

आधी ओळख. अल्सरेटिव्ह कोलायटिस गुदाशयापासून सुरू होतो आणि सलग वर चढत जातो. तो मोठ्या आतड्यातच राहतो आणि त्याच्या आतल्या अस्तरापुरताच. क्रोन्स तोंडापासून गुदद्वारापर्यंत कुठेही होतो, मधले मधले तुकडे सोडून उमटतो, आतड्याच्या भिंतीची सगळी जाडी खातो; म्हणून त्यात आतडं अरुंद होणं, भगेंद्र होणं हे जास्त. वारंवार पोट बिघडतं पण तपासणीत काही सापडत नाही, तो आयबीएस. त्याचा इथे संबंध नाही. नावातल्या एका अक्षराच्या फरकाने रोज कितीतरी रुग्ण घाबरतात.

आपल्याकडे रुग्ण पोटाच्या डॉक्टरपर्यंत येतो तेव्हा त्याची फाईल फुगलेली असते. रक्त पडतं म्हणून आधी मूळव्याधीचं औषध. आव पडते म्हणून मेट्रोनिडाझोल, एकदा, दोनदा, चारदा. मग ‘जुना अमीबा’ हे निदान, जे कुठल्याच तपासणीत सापडलेलं नसतं. मधे कुटजारिष्ट, बेलाचा मुरंबा, कोणाच्या तरी सांगण्यावरून गव्हाची पोळी बंद. दिवसातून दहा-बारा वेळा जावं लागतं, रात्री उठावं लागतं, एसटीचा प्रवास नको वाटतो. हे तो बोलतच नाही, बरोबर आलेली बायको किंवा आई सांगते. कोलोनोस्कोपीचा दिवस उजाडेपर्यंत वर्ष-दीड वर्ष सहज गेलेलं असतं.

आता इतिहास. शंभर वर्षं या आजाराचा गुन्हेगार जंतू शोधण्यात गेली. ग्लासगोचे सर्जन केनेडी डॅल्झिएल यांनी १९१३ साली आतड्याच्या भिंती जाड झालेले काही रुग्ण वर्णिले आणि एक चलाख निरीक्षण नोंदवलं: हे दिसायला गुरांच्या जोन्स रोगासारखं आहे. जोन्स रोग क्षयाच्या जंतूच्या भावकीतल्या एका जंतूमुळे होतो. डॅल्झिएलना त्यांच्या रुग्णांत तो जंतू काही मिळाला नाही. १९३२ साली न्यूयॉर्कच्या माउंट सायनाय रुग्णालयातून क्रोन, गिंझबर्ग आणि ओपेनहायमर यांचा १४ रुग्णांवरचा लेख आला. लेखकांची नावं वर्णानुक्रमाने छापली गेली, म्हणून आजार क्रोनच्या नावावर गेला. गिंझबर्ग आणि ओपेनहायमर यांचं काम त्यात कमी नव्हतं. त्यांनीही क्षय नाही याची खात्री करून घेतली होती.

गुरांच्या जंतूचा संशय मात्र पिच्छा सोडेना. शेवटी ऑस्ट्रेलियात दोनशेहून अधिक रुग्णांना त्या जंतूवर चालणारी तीन प्रतिजैविकं दोन वर्षं देऊन पाहिली गेली. २००७ साली निकाल आला. सुरुवातीला थोडा फरक पडला, पण टिकाऊ फायदा काही दिसला नाही. हा जंतू क्रोन्सचं मूळ असता तर दोन वर्षांत त्याचा पाडाव दिसायला हवा होता. काही संशोधक अजूनही तो सोडायला तयार नाहीत, आणि मला त्यांच्या चिकाटीचं कौतुक आहे. पण एका आजाराला एक जंतू हा क्षय, पटकी, विषमज्वराचा हिशेब इथे लागू पडत नाही, हे मला तरी पटलेलं आहे.

खरी दिशा उंदरांनी दाखवली. १९९३ साली जर्मनीत कलोनच्या संशोधकांनी उंदरांतलं इंटरल्यूकिन-१० नावाच्या प्रथिनाचं जनुक काढून टाकलं. प्रतिकारशक्तीला लगाम घालणारं हे प्रथिन. उंदरांना आतड्याची जबर सूज आली. पुढे १९९८ साली अमेरिकेत हेच उंदीर पूर्णपणे जंतुविरहित पेटीत वाढवले गेले. लगाम तुटलेलाच, पण आतडं शांत. मग त्यांना उंदरांच्या पोटातले नेहमीचे, कुणालाही आजारी न पाडणारे जिवाणू दिले. आठवड्याभरात कोलायटिस. ल्यूव्हेनच्या रुग्णांत जे दिसलं होतं तेच हे.

म्हणजे दोन गोष्टी एकत्र याव्या लागतात: बेभान झालेली प्रतिकारशक्ती आणि तिला चेतवायला जिवाणू. माणसांत पहिल्या गोष्टीचा पुरावा २००१ साली मिळाला. एनओडी-२ नावाचं जनुक क्रोन्सशी जोडलेलं निघालं, आणि ते काय करतं? पेशीच्या आत जिवाणूंच्या भिंतीचे तुकडे ओळखतं. आजाराचं पहिलं मोठं जनुक निघालं तेच जिवाणूंवर पहारा ठेवणारं! आज अशी दोनशेहून अधिक ठिकाणं माहीत आहेत. पण जनुकांवर सगळं टाकता येत नाही. एकसारख्या जुळ्यांत एकाला क्रोन्स असला तर दुसऱ्याला तो होतो असं फार तर निम्म्या जोड्यांत दिसतं. अल्सरेटिव्ह कोलायटिसमध्ये त्याहून बरंच कमी.

आता जरा आतड्याच्या भिंतीजवळ जाऊ. इथे थोडं थांबण्यासारखं आहे. आपल्या अंगात जिवाणू पेशींच्या दहापट असतात असं पूर्वी सर्रास लिहिलं जायचं, अजूनही लिहिलं जातं. २०१६ साली इस्राएलच्या वाइझमन संस्थेतल्या संशोधकांनी पुन्हा हिशेब मांडला: जिवाणू साधारण ३८ लाख कोटी, आपल्या पेशी ३० लाख कोटी. म्हणजे जवळपास बरोबरी. सगळ्या जिवाणूंचं वजन मिळून पाव किलोच्या आत. त्यातले बहुतेक सगळे मोठ्या आतड्यात.

एवढी गर्दी आणि आतड्याची भिंत यांच्यामध्ये असतं काय? श्लेष्म्याचा एक थर, मिलिमीटरहून बारीक. मोठ्या आतड्यात त्याचे दोन पदर असतात. बाहेरचा सैल, त्यात जिवाणू फिरतात, खातात. आतला घट्ट, भिंतीला चिकटलेला, आणि निरोगी आतड्यात त्यात जिवाणू जवळजवळ शिरतच नाहीत. स्वीडनच्या गोथेनबर्गमधल्या गटाने २००८ साली उंदरांत हे दाखवलं, पुढे माणसांतही पाहिलं. कोलायटिसच्या अनेक रुग्णांत मात्र आतला पदर झिरपतो आणि जिवाणू थेट पेशींना जाऊन भिडतात.

त्या पेशी जगतात कशावर, हे मला या साऱ्या विषयातलं सर्वांत सुंदर प्रकरण वाटतं. मोठ्या आतड्याच्या अस्तराच्या पेशी आपली बहुतेक ऊर्जा रक्तातल्या साखरेतून घेत नाहीत, ब्यूटिरेट नावाच्या एका लहानशा आम्लातून घेतात. ते आम्ल आपण बनवत नाही. आपल्याला न पचलेला चोथा आंबवून जिवाणू ते बनवतात. ब्यूटिरेट जाळताना या पेशी भरपूर ऑक्सिजन वापरतात. त्यामुळे आतड्याच्या पोकळीत ऑक्सिजन उरत नाही. आणि ऑक्सिजन नसलेल्या जागीच ब्यूटिरेट बनवणारे जिवाणू टिकतात. दोघांचं एकमेकांवाचून चालत नाही.

आता यातला एक धागा तुटला की काय होतं पाहा. सूज आली, पेशींचं ब्यूटिरेट जाळणं मंदावलं, ऑक्सिजन पोकळीत झिरपायला लागला. सुजलेली भिंत नायट्रेटही सोडते. ई. कोलाय आणि त्याच्या गोतातल्या जिवाणूंना दोन्ही चालतं. ऑक्सिजन नसला तर ते नायट्रेटवर श्वास घेतात. ते फोफावतात, ब्यूटिरेटवाले मागे पडतात, भिंत आणखी उपाशी राहते. सूज जिवाणू बदलते आणि बदललेले जिवाणू सूज वाढवतात.

यातला एक जिवाणू बराच गाजला: फिकॅलिबॅक्टेरियम प्राउसनिट्झी. निरोगी माणसाच्या विष्ठेत तो भरपूर असतो. पॅरिसचे हॅरी सोकोल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००८ साली दाखवलं की ऑपरेशनच्या वेळी ज्यांच्या आतड्यात तो कमी होता, त्यांचा क्रोन्स सहा महिन्यांत परतण्याची शक्यता जास्त होती. लगेच सगळीकडे ‘रक्षक जिवाणू’ असे मथळे झळकले. पण मुलांच्या क्रोन्सवर एक जुना, भरवशाचा उपाय आहे: सहा-आठ आठवडे फक्त तयार दुधासारखा पातळ आहार, दुसरं काही नाही. हा उपाय मुलांमध्ये स्टेरॉइडइतकाच गुण देतो. आणि ग्लासगोच्या संशोधकांनी मोजलं तर या आहारावर मुलं बरी होत असताना हाच ‘रक्षक’ आणखी कमी होत होता. या पुस्तकात या विरोधाभासाला स्वतंत्र प्रकरण आहे. घाईत असलेल्या वाचकाने निदान तेवढं तरी वाचावं.

मग प्रश्न उरतो, आधी काय? जिवाणू बदलले म्हणून आजार झाला, की आजारामुळे जिवाणू बदलले? वर सांगितलेलं चक्र पाहता दुसरी बाजू नाकारता येत नाही. २०१४ साली उत्तर अमेरिकेत नुकतंच निदान झालेल्या, अजून औषध सुरू न केलेल्या ४४७ मुलांचे नमुने तपासले गेले. जिवाणूंची घडी तेव्हाच विस्कटलेली होती, म्हणजे ती औषधांमुळे विस्कटली असं म्हणता येत नाही. ज्यांना निदानाआधी प्रतिजैविकं मिळाली होती त्यांच्यात ती जास्त विस्कटलेली. आणि एक मोठी गोष्ट: हा फरक आतड्याच्या अस्तराच्या तुकड्यांत नीट दिसत होता, विष्ठेत तितका नाही. मुंबई-पुण्यात हल्ली घरपोच ‘गट टेस्ट’च्या डब्या मिळतात. विष्ठेचा नमुना पाठवा, रंगीत आलेख घ्या. आयबीडीच्या निदानात किंवा औषध ठरवण्यात त्या अहवालाचा आज तरी उपयोग नाही. तेच पैसे कॅलप्रोटेक्टिनच्या तपासणीवर खर्चावेत. तीही विष्ठेचीच, पण सूज आहे की नाही ते सांगते.

‘आधी काय’ या प्रश्नाच्या उत्तराच्या सर्वांत जवळ गेलं ते टोरांटोहून चालवलेलं काम. क्रोन्सच्या रुग्णांची तीन हजारांहून अधिक निरोगी भावंडं आणि मुलं, त्यांचे नमुने आधीच साठवून ठेवले आणि वर्षानुवर्षं वाट पाहिली. ७३ जणांना पुढे क्रोन्स झाला. २०२३ साली छापलेल्या निष्कर्षानुसार त्यांच्या जिवाणूंची ठेवण आजार होण्याच्या कितीतरी आधी वेगळी होती. यावरून कारण सिद्ध होत नाही, कारण लक्षणं नसतानाही सूज सुरू झालेली असू शकते. तरी पारडं पहिल्या बाजूला थोडं झुकलं, एवढं मी म्हणेन.

भारताकडे येताना एक गैरसमज आधी बाजूला ठेवू. ‘हा गोऱ्यांचा आजार’ असं आमच्या शिक्षणाच्या काळात सांगितलं जायचं. लुधियानाच्या डॉक्टरांनी पंजाबात घरोघर पाहणी केली आणि २००३ साली लिहिलं: अल्सरेटिव्ह कोलायटिस लाखामागे ४४ जणांना. त्याच्याही आधी, इंग्लंडमधल्या लेस्टरशायरमध्ये भारतातून गेलेल्या कुटुंबांत त्याचं प्रमाण स्थानिक युरोपीयांच्या दुपटीच्या आसपास आढळलं होतं. जनुकं बदलायला पिढ्या लागतात. ताटातलं, पाण्यातलं, औषधांच्या कपाटातलं बदलायला एक विमानप्रवास पुरतो. जिवाणू या दुसऱ्या हिशेबातले. भारतीयांच्या पोटात प्रिव्होटेला या गटाचं प्राबल्य दिसतं, धान्य-डाळींच्या आहाराशी जुळणारं. पुण्याच्या राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्रासारख्या ठिकाणी भारतीय जिवाणूंवर बरंच काम झालेलं आहे. उलट युरोपात क्रोन्सशी जोडलेले एनओडी-२चे तीन प्रसिद्ध बदल भारतीय रुग्णांत जवळपास सापडतच नाहीत. म्हणून पाश्चात्त्य पुस्तकातून उचललेली जनुक-जिवाणूंची गोष्ट इथे जशीच्या तशी सांगणं चुकीचं ठरतं.

आणि आपल्याकडे क्षय आहे. आतड्याचा क्षय आणि क्रोन्स दुर्बिणीत इतके सारखे दिसतात की अनुभवी डोळेही फसतात. बायॉप्सी पुष्कळदा काहीच ठरवत नाही. म्हणून अनेकदा आधी एकेटी, म्हणजे क्षयाची औषधं सुरू होतात आणि दोन-तीन महिन्यांनी पुन्हा दुर्बीण घालतात. व्रण भरले असतील तर क्षय. नसतील तर क्रोन्स, पण तोवर क्रोन्सला तेवढे महिने विनाउपचार मिळालेले असतात. उलट चूक जास्त महाग पडते: क्षय असताना स्टेरॉइड किंवा इन्फ्लिक्सिमॅबसारखं प्रतिकारशक्ती दाबणारं औषध दिलं तर तो भडकतो. डॅल्झिएलच्या काळी पडलेला पेच मुंबईतल्या कुठल्याही मोठ्या रुग्णालयात आज रोज पडतो.

उपचारांबद्दल थोडक्यात. रुग्ण हमखास विचारतात: दही-ताकाने बरं होईल का? सोसत असेल तर खुशाल घ्या, पण आजार त्याने आटोक्यात येत नाही. दह्यातले जिवाणू मोठ्या आतड्यात मुक्काम करत नाहीत. प्रोबायोटिकच्या गोळ्यांचंही तसंच, एक-दोन अपवाद सोडता. अपवादातला एक मजेदार आहे. १९१७ साली जर्मन डॉक्टर आल्फ्रेड निसल यांनी एका सैनिकाच्या विष्ठेतून ई. कोलायचा एक वाण वेगळा केला. त्याच्या भोवतीचे सैनिक आमांशाने आडवे होत होते आणि हा ठणठणीत. तोच वाण पुढे कोलायटिस शांत ठेवण्यात मेसालाझिन या नेहमीच्या औषधाच्या बरोबरीचा ठरला, अर्थात सौम्य आजारात. क्रोन्समध्ये त्याचा असा पुरावा नाही. मेसालाझिन बंद करून प्रोबायोटिक सुरू केलेले रुग्ण मी रक्ताच्या धारेसकट परत आलेले पाहिले आहेत, एवढं सांगून हा मुद्दा सोडतो.

विष्ठेचं प्रत्यारोपण हा सध्याचा चर्चेचा विषय. प्रतिजैविकांनंतर होणाऱ्या क्लॉस्ट्रिडियम डिफिसिलच्या वारंवारच्या जुलाबात ते कमालीचं यशस्वी ठरलं. तिथे एक जंतू माजलेला असतो आणि त्याला रेटून बाहेर काढायचं असतं. कोलायटिसमध्ये इतकं सरळ नाही. २०१५ साली कॅनडातल्या चाचणीत ३८ जणांना विष्ठेचा एनिमा दिला, ३७ जणांना पाण्याचा. पहिल्या गटात नऊ जण बरे झाले, दुसऱ्यात दोन. नऊपैकी सात जणांना एकाच दात्याची विष्ठा मिळाली होती. त्याच्यात असं काय होतं, हे अजून कुणालाही नेमकं सांगता आलेलं नाही. त्याच वर्षी नेदरलँड्सच्या चाचणीत काहीच फरक दिसला नाही. शिवाय धोकाही आहे: २०१९ साली अमेरिकेत दात्याच्या विष्ठेतून आलेल्या, औषधांना न जुमानणाऱ्या ई. कोलायने एका रुग्णाचा जीव गेला. युट्यूबवर पाहून घरी मिक्सर लावणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं.

दिल्लीच्या एम्सचं काम या सगळ्यात मला वेगळं वाटतं. २०२२ साली छापलेल्या त्यांच्या चाचणीत ६६ रुग्ण होते, सगळे सौम्य ते मध्यम कोलायटिसचे. ३५ जणांना सात आठवडे, दर आठवड्याला एकदा, कोलोनोस्कोपीतून ताज्या विष्ठेचा द्रव दिला. दाते एक नव्हे, अनेक, आणि मुद्दाम खेड्यातले. सोबत सूज कमी ठेवणारा ठरावीक आहार. बाकीच्या ३१ जणांची नेहमीची औषधं नीट वाढवली. आठ आठवड्यांनी पहिल्या गटात २१ जणांची लक्षणं गेली, दुसऱ्यात दहा जणांची. नंतर पहिल्या गटाने फक्त आहार चालू ठेवला, आणि वर्षाअखेरीसही त्यांची बाजू वरचढ राहिली. चाचणीत कुणाला काय मिळतंय हे रुग्णांना माहीत होतं, ही तिची कच्ची बाजू. गुण खेड्यातल्या दात्यांचा किती आणि ताटातल्या अन्नाचा किती, हेही तिच्यातून वेगळं काढता येत नाही. त्यासाठी दोन्ही वेगवेगळे देऊन पाहावे लागतील.